सांत्वनाची कलमं

गुड्रुनला पुरलं त्या दिवशी दफनभूमीत दहाबारा माणसं कोटाच्या आत हात घालून उभी होती. फेब्रुवारीची थंडी होती, त्यामुळे बघणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटलं नसतं. पण त्यांतल्या प्रत्येकाच्या कोटाच्या आत, अंगाच्या उबेला, खाऱ्या पाण्याची एक छोटी पिशवी होती आणि त्या पिशवीत बोटाच्या पेराएवढं प्रवाळाचं कलम. जर्मनीतल्या हेर्ने गावात घरी समुद्री मासे आणि प्रवाळाच्या काचेच्या टाक्या ठेवणाऱ्यांचं मंडळ होतं, त्याची ही रीत होती. मंडळातलं माणूस गेलं की फुलं आणायची नाहीत. आपल्या टाकीतल्या प्रवाळाची एक फांदी तोडून आणायची.

पाद्रीबुवांचं बोलणं लांबलं तेव्हा मागून मंडळातल्या लोथारची कुजबुज गुड्रुनच्या नवऱ्याला, एवाल्डला, ऐकू आली.

"आटपा म्हणावं आता. माझं पिल्लू गारठलं."

"गप बस," आनेग्रेट म्हणाली. "गुड्रुन उठून येईल आणि कानफटात देईल."

"येऊ दे की," लोथार म्हणाला.

दफनानंतरची कॉफी आणि केक झाल्यावर एकेकानं आपली पिशवी एवाल्डच्या हातात दिली. "सांभाळ," एवढंच म्हणायचे. घरी आल्यावर त्यानं सगळ्या पिशव्या भांडी घासायच्या टबात कोमट पाण्यात ठेवल्या आणि खुर्ची ओढून समोर बसला. कोणती पिशवी कुणाची, हे तोवर डोक्यातून गेलं होतं.

आता इथं गुड्रुनचा नियम असा होता, की बाहेरून आलेलं कलम थेट टाकीत जायचं नाही. आधी ते तपकिरी औषधाच्या पाण्यात बुडवायचं, खळबळायचं, पिचकारीनं झोडपायचं, मग काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचं आणि रोज भिंग घेऊन बघायचं. देणारा समोर उभा असला तरी ती हे करायची. एकदा मंडळाच्या अध्यक्षांनी आणलेलं कलमही तिनं त्यांच्यादेखत बुडवलं होतं आणि खाली पडलेला एक किडा त्यांना बशीत दाखवला होता. अध्यक्ष दोन महिने बोलले नव्हते.

एवाल्डला हे सगळं माहीत होतं. औषधाची बाटली सिंकखालच्या कपाटातच होती. छोटी टाकी मात्र गुड्रुनच्या आजारपणात रिकामी करून ठेवली होती. ती भरायची, तापवायची, म्हणजे दिवस जाणार. आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरंही वाटेना. लोकांनी दफनभूमीत छातीशी धरून आणलेली ती कलमं. ती औषधात बुडवायची म्हणजे सांत्वनाला आलेल्या माणसाला दारातच 'तुम्हाला काही रोग नाही ना' म्हणून विचारण्यासारखं होतं. त्यानं गोंद काढला आणि सगळी कलमं टाकीतल्या पुढच्या दगडावर एका ओळीत चिकटवली.

टाकी तशी गुड्रुनची. एवाल्ड जन्मभर लोकांच्या घरी हीटिंगचे पाइप बसवत आला. टाकीतही त्याचं काम तेच. पंप, नळ्या, गळती, मिठाचं पाणी कालवून बादल्या वाहणं. प्रवाळ कुठे लावायचं, दिवा किती वर घ्यायचा, हे ती ठरवायची. शेवटच्या शरद ऋतूत तिला उभं राहवत नव्हतं, तेव्हा खुर्चीत बसून सांगायची. "डावीकडे. तुझं डावं नव्हे, माझं डावं." तो टाकीच्या मागून हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून प्रवाळ सरकवायचा.

टाकीच्या मधोमध तिचं मोठं प्रवाळ होतं. फांद्या फांद्यांचं, हिरवट अंगाचं, जांभळ्या टोकांचं. तिनं आणलं तेव्हा आगकाडीएवढं होतं. आता परातीएवढं पसरून दोन दगडांना कवटाळून बसलं होतं. ती गेल्यावर एवाल्ड सकाळी उठला की आधी टाकीचा दिवा लावायचा आणि ते पाहायचा. फांद्यांची टोकं पसरलेली दिसली की मग कॉफी. घरातलं बाकी सगळं त्यानं होतं तसंच ठेवलं होतं, पण ठेवलेल्या वस्तू नुसत्या ठेवलेल्या असतात. हे मात्र तिनं लावलेलं होतं आणि अजून वाढत होतं.

मे महिन्यात खालच्या फांद्या फिक्या पडायला लागल्या.

त्याला वाटलं, पाण्याचं काहीतरी. त्याला पाण्याचंच कळत होतं. त्यानं पाणी बदललं, पंप खोलून घासले, नवी नळी टाकली. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. मुलगी विब्के दर रविवारी हांबुर्गहून फोन करायची, तिला त्यानं सांगितलं.

"पपा, विकून टाका ती टाकी," ती म्हणाली. "विजेचं बिल तरी कमी येईल. आईसाठी होती ती."

"हो."

"हो म्हणजे विकणार, की हो म्हणजे फोन ठेव?"

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

शेवटी एका दुपारी त्यानं गुड्रुनचं भिंग काढलं. काचेला नाक लावून पाहिलं तर फिक्या फांदीवर बारीक गोल गोल डाग होते, जसे कुणी एकेक घास घेत गेलं असावं. त्यानं रबरी फुग्याची पिचकारी घेतली आणि फांदीवर पाण्याचा जोर मारला. फांदीचीच सालं निघावीत तसे काही पापुद्रे सुटून वर आले. पाण्यात गिरक्या घेत एक पापुद्रा काचेला येऊन चिकटला, कडा दुमडल्या आणि सरकू लागला.

एवाल्ड मागे सरून खुर्चीत बसला. चपटे किडे. गुड्रुन ज्यांच्या भीतीनं सगळ्यांना दुखवायची तेच. ज्या फांदीवर बसतात तिचाच रंग घेतात, म्हणून दिसत नाहीत. आणि ते कुठून आले, हे समजायला त्याला भिंग लागलं नाही. पुढच्या दगडावर ती ओळ समोरच होती.

तेव्हाच मंडळाकडे जायला हवं होतं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळे 'लाल बैल' नावाच्या बिअरबारमध्ये मागच्या टेबलाभोवती जमत. पण तिथं जाऊन म्हणायचं काय? तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या बायकोच्या मयताला किडे आणले? तो गुड्रुन गेल्यापासून तिकडे फिरकलाही नव्हता. त्यानं ठरवलं, आपलं आपण निस्तरायचं. संपूर्ण उन्हाळा रोज सकाळी तो पिचकारी मारायचा आणि सुटलेले किडे नळीनं ओढून घ्यायचा. त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. काही दिवस किडे कमी वाटायचे, पुन्हा यायचे. पांढरा रंग मात्र खाली कधी उतरला नाही. तो वरच चढत गेला. ऑगस्टअखेर खालचा अर्धा भाग नुसता हाडांसारखा झाला आणि त्याच्यावर हिरवं शेवाळ धरू लागलं.

सप्टेंबरातल्या गुरुवारी तो 'लाल बैल'मध्ये गेला.

"अरे बघा, कोण जिवंत आहे!" लोथार ओरडला. "आम्ही तर तुझ्यासाठीही कलमं तोडायला घेतली होती."

"लोथार!" आनेग्रेटनं त्याला कोपर मारलं आणि एवाल्डला खुर्ची दिली. "बस रे. काय घेणार?"

त्यानं बिअर येऊ दिली. तिच्यावरचा फेस बसला. मग तो ग्लासाकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे चपटे किडे आहेत."

हातातला ग्लास तसाच धरून आनेग्रेटनं विचारलं, "नवीन काही आणलंस का?"

"नाही."

"मग? आकाशातून पडले?"

"फेब्रुवारीनंतर काही आणलं नाही," एवाल्ड म्हणाला.

तो काय म्हणाला ते सगळ्यांना कळलं. एकजण म्हणाला, माझ्याकडे तर काही नाही, मी रोज बघतो. दुसरा म्हणाला, माझ्याकडे असते तर मला दिसले नसते का. अध्यक्ष म्हणाले, "गुड्रुनच्या वेळी असं झालं नसतं." म्हणाले आणि लगेच त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी तोंड पुसायचा कागद घेऊन टेबल पुसायला सुरुवात केली.

"बरोबर आहे," एवाल्ड म्हणाला. "मी बुडवून घेतली नाहीत. चूक माझीच. तुम्ही फक्त आपापल्या टाक्या बघा, एवढं सांगायला आलो होतो."

बिअर अर्धी टाकून तो उठला. ट्रॅमच्या थांब्यापर्यंत मागून कुणी हाक मारेल असं त्याला वाटत राहिलं. ट्रॅम आली.

चार दिवसांनी दाराची घंटा वाजली. लोथार उभा होता. एका हातात पत्र्याची हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बेकरीची पिशवी. लोथार गॅसच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, तोंडाळ माणूस. गुड्रुनशी त्याचं कधी पटलं नाही. ती त्याच्या टाकीला 'तळं' म्हणायची.

"माझ्याकडेही आहेत," तो दारातूनच म्हणाला. "काल पिचकारी मारली. बर्फ पडावा तसे पडले. माझ्याकडे कुणाकडून आले, देव जाणे. आपली कलमं वर्षानुवर्षं या घरून त्या घरी फिरतात. तेव्हा कुणाचं होतं ते शोधत बसू नकोस. आत येऊ का, की इथंच बुडवून घेतोस?"

एवाल्ड बाजूला झाला.

लोथारनं टाकीसमोर गुडघे टेकले आणि प्रवाळ बुडापासून टोकापर्यंत न्याहाळलं.

"किती दिवस पिचकारी मारतोयस?"

"उन्हाळाभर."

"अरे बाबा." लोथारनं डोकं हलवलं. "रोज पिचकारी मारतोस म्हणजे रोज त्यांना अंघोळ घालतोस. हे बघ इथं, भिंग दे. दिसली? खसखशीसारखी. अंडी. जिवंत फांदीवर घालत नाहीत ते. जिथलं खाऊन झालं तिथं घालतात. ह्या अंड्यांना कुठलंही औषध लागू पडत नाही."

"मग?"

"मग काय. तोडायचं. वरची जिवंत टोकं काढून घ्यायची, बाकी सगळं टाकायचं. दगडासकट."

"दगडासकट," एवाल्ड म्हणाला.

"टोकं दुसऱ्या टाकीत. दर आठवड्याला औषध, नवे निघतील त्यांच्यासाठी. आणि ह्या मोठ्या टाकीत या जातीचा एक तुकडाही ठेवायचा नाही, म्हणजे उरलेले उपाशी मरतील. दोन महिने तरी. तुला हे माहीत नव्हतं?"

माहीत होतं. गुड्रुननं दुसऱ्या कुणाला तरी फोनवर सांगताना त्यानं ऐकलं होतं. उन्हाळाभर ते त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच तो पिचकारी मारत राहिला होता.

"थोडं थांबून बघू," तो म्हणाला.

"काय बघणार?"

"वरचं हिरवं आहे अजून."

"आहे. नाताळपर्यंत तेही नसेल." लोथारनं पेटीतून एक पक्कड काढली, हाडं तोडायची, लांब दांड्याची. "तुला नको असेल तर मी तोडतो. तू आत जाऊन बस. मी काही बायको पुरलेली नाही, माझा हात अडणार नाही."

ते ऐकायला बरं नव्हतं, पण त्यात वाईट हेतू नव्हता. एवाल्डनं पक्कड त्याच्या हातून घेतली.

दोघांनी मिळून ते प्रवाळ दगडांसकट उचलून स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या टबात आणलं. पाण्याबाहेर ते जड झालं आणि त्याच्यावरून चिकट बुळबुळीत पाणी ओघळायला लागलं. त्याचा वास सुटला. खारट, थोडा गोडसर, ओल्या भिंतीसारखा. प्रवाळं हाताळून झाली की गुड्रुनच्या हातांना हा वास असायचा. साबणानं जायचा नाही. त्याच हातांनी ती पाव कापायची आणि तो कुरकुर करायचा. गेल्या फेब्रुवारीपासून घरात हा वास आला नव्हता. आता स्वयंपाकघर त्या वासानं भरून गेलं. एवाल्ड पक्कड धरून तसाच उभा राहिला. लोथारनं खिडकी उघडायला हात पुढे केला.

"राहू दे," एवाल्ड म्हणाला. "उघडू नको."

मग त्यानं पहिली फांदी तोडली. जाड बिस्किट मोडावं तसा आवाज झाला. पांढरं जिथं सुरू होतं त्याच्या चांगलं बोटभर वर तोडायचं, लोथार सांगत गेला. "आणखी वर. हावरटपणा नको करूस. आणखी वर." जिवंत टोकं एका भांड्यात, बाकीचं दुसऱ्या भांड्यात. शेवटी जे उरलं त्यात दोन्ही दगडांच्या मधोमध, अगदी बुडाशी, जुन्या गोंदाचा एक पिवळट गोळा निघाला. त्यावर बोटाचा ठसा होता. एवढासा, करंगळीचा असावा. एवाल्डनं तो ठसा पाहिला. त्याच्या भोवतीही खसखस होती.

"हा एवढा गोळा घासून…" त्यानं सुरुवात केली.

लोथार कचऱ्याची पिशवी उघडी धरून उभा राहिला.

एवाल्डनं दगड पिशवीत टाकला. दुसराही टाकला. मग सांत्वनाच्या ओळीतली त्या जातीची कलमंही उपटून टाकली.

छोट्या टाकीचं वजन पेलेल असं जेवणाचं टेबल तेवढं होतं. तिथं ती लागली. त्या दिवशी दोघांनी बेकरीतले बन उभ्यानंच खाल्ले. लोथार म्हणाला, "गुड्रुननं पाहिलं असतं तर म्हणाली असती, तळ्यातला बेडूक माझ्या स्वयंपाकघरात काय करतोय." एवाल्डला हसू आलं, आणि हसू आल्याचं आश्चर्यही वाटलं.

पहिले दोन आठवडे लोथार औषधाच्या दिवशी येत राहिला. मग त्याच्या स्वतःच्या टाकीचं काम निघालं आणि फोनवर विचारपूस व्हायला लागली. नंतर फोनही अधूनमधून. एवाल्डनं ते मनाला लावून घेतलं नाही. तो आपला दर शनिवारी सकाळी तपकिरी औषध कालवायचा. त्याच्या वासानं घसा खवखवायचा. एकेक तुकडा बुडवायचा, हलवायचा, पिचकारी मारायचा आणि खाली बशीत काय पडलं ते भिंगातून बघायचा. औषध किड्यांना जसं सोसत नाही तसं प्रवाळालाही सोसत नाही. दर आठवड्याला एखाददुसरा तुकडा सकाळी पांढरा झालेला असायचा. तो काढून टाकायचा. बाकीचे पुन्हा ओळीत लावायचे.

बाहेरच्या खोलीतली मोठी टाकी मधोमध मोकळी पडली होती. मासे पूर्वी ज्या फांद्यांत झोपायचे त्या जागेपाशी संध्याकाळी येऊन थांबायचे आणि मग निघून जायचे. काही दिवसांनी त्यांनी येणं सोडलं. एवाल्डची टेबलाशी बसून जेवायची सवय मोडली ती मोडलीच. ताट घेऊन तो सिंकपाशी उभा राहून जेवायचा.

विब्केनं एका रविवारी विचारलं, "आईचं ते मोठं कसं आहे?"

"तोडलं," तो म्हणाला.

तिनं विचारलं, "स्वतः?"

"हो."

"पपा, मी येऊ का?"

"ये की. पण बसायला टेबल नाही."

नाताळ जवळ आल्यावर बशीत काही पडेनासं झालं. एका शनिवारी नाही, दुसऱ्या शनिवारी नाही. तिसऱ्यालाही त्यानं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. औषधाचा गढूळपणा सोडला तर बशी स्वच्छ होती. तोवर मूठभर तुकड्यांतले तीनच उरले होते. दोन जेमतेम, रंग उतरलेले. तिसऱ्याच्या टोकाला मात्र जांभळं परत आलं होतं आणि तुटलेल्या कडेवरून त्याचं जिवंत अंग खालच्या छोट्या दगडावर पसरू लागलं होतं.

त्यानं लोथारला फोन केला. कुणी उचलला नाही. सुट्टीत बहिणीकडे गेला असेल.

मग त्यानं गोंद काढला, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि तो तुकडा घेऊन मोठ्या टाकीपुढे उभा राहिला. गुड्रुनची जागा समोरच होती. दगड गेल्यावर तिथं वाळूत एक खळगा राहिला होता. त्यानं हात तिकडे नेला आणि थांबला. तिथं पाण्याचा जोर कमी होता. ते त्याला नेहमीच वाटायचं. पंप त्यानं बसवले होते, पाणी कुठून येऊन कुठे वळतं हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. खालच्या फांद्यांत किडे साचले ते बहुधा त्यामुळेही. पण तिला दिवाणखान्याच्या दारातून दिसेल असं ते मधोमध हवं होतं, आणि तो कधी बोलला नव्हता.

त्यानं हात उजवीकडे नेला. उंच दगडाच्या खांद्यावर, जिथं दोन्ही पंपांचं पाणी येऊन आपटतं तिथं. तुकडा गोंदावर दाबून धरला. अंगठ्याखाली गोंद गरम होऊन घट्ट व्हायला लागला. पाणी कोपरापर्यंत गार लागत होतं.

हात काढून तो मागे आला. खुर्चीपाशी उभं राहून पाहिलं. मग दारातून पाहिलं. थोडं तिरकं वाटलं. डावीकडे, की उजवीकडे, हे त्याला ठरवता येईना आणि विचारायला कुणी नव्हतं. गोंद पुरता वाळायच्या आत तो परत गेला, हात आत घातला आणि स्वतःच्या डाव्या बाजूला ते एक बोटभर वळवलं.